नरकासुर आधी, गाय फॉक्स नंतर

गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या शाळेत चौथीला इंग्रजी शिकवताना मी इंग्लंडचे सण थेट काढत नाही. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या तासाला दिवाळीत जाळलेल्या पुतळ्याबद्दल विचारायचं, "नरकासुर कशाचा केलात?" मुलं तुटून पडतात: गवत, जुनी पँट, कागद, मुखवटा. तेच शब्द फळ्यावर इंग्रजीत लिहा: स्ट्रॉ, पेपर, मास्क, बर्न. कारीट लिहायला जाऊ नका, त्याला इंग्रजी शब्द शोधण्यात तास जातो.

मग चित्र दाखवा. तिकडे 5 नोव्हेंबरच्या रात्री शेकोटी पेटवून पुतळा जाळतात. त्याचं नाव 'गाय फॉक्स' सांगितलं की वर्ग फुटतोच, "टीचर, गाय?" हसू द्या. मग जी-यू-वाय लिहा आणि सांगा, पुढे याच शब्दाचा अर्थ 'कुणीही माणूस' असा झाला. तिथली पोरंही पूर्वी पुतळा घेऊन पेनी मागत फिरायची. आपली नरकासुराची वर्गणी मागतात तशीच.

आता फरक त्यांच्याकडूनच काढून घ्या. आपला पहाटे जळतो, त्यांचा रात्री. आपला असुर, तो मात्र खराखुरा माणूस, 1605 साली राजासकट पार्लमेंट उडवायच्या कटात पकडलेला. एकीने विचारलं, "त्याला खरंच जाळला?" नाही. फाशीची शिक्षा होती. शेकोट्या पेटल्या त्या राजा वाचला म्हणून.

शेवटी प्रत्येकाने दोनच वाक्यं लिहायची: 'वी बर्न...', 'दे बर्न...'. 'दे'मध्ये सगळे इंग्रज येत नाहीत, हे तेवढं बजावा.