सोनेम बदलायच्या आधी

सोनेम म्हणजे सामायिक लायब्ररीचं आवृत्तीच्या आकड्यासकट नाव. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोत लायब्ररीचं पॅकेज सांभाळणाऱ्याने तो आकडा बदलताना काय करायचं, ते हे. चेंजलॉग वाचा, आपले पॅच नव्या आवृत्तीवर बसतात का बघा. एवढं कोणीही करतं, पुढे चला.

पहिलं खरं काम डीएलओपन, म्हणजे चालता चालता लायब्ररी उघडणारे कॉल, शोधणं. आपल्या लायब्ररीवर कोण कोण अवलंबून आहे ती यादी डेबियनमध्ये एका कमांडीत निघते, आणि तिथेच माणूस फसतो. त्या यादीत लिंक केलेलेच हमखास सापडतात. जे प्रोग्रॅम लायब्ररी चालता चालता उघडतात, त्यांच्या कोडात ‘.एसओ.१’ असं जुनं नाव सरळ लिहून ठेवलेलं असतं. पायथनमधले सीटाइप्सवाले (पायथनमधून सीच्या लायब्ररी उघडणारे) त्याच जातीचे. एलडीडी या लिंक केलेल्या लायब्ररी दाखवणाऱ्या कमांडीला ते दिसत नाहीत, रिबिल्ड निमूट पास होतो, आणि जुनी लायब्ररी आर्काइव्हमधून गेली की वापरणाऱ्याकडे गाडी अडते. मागच्या खेपेला माझं हेच राहिलं. डेबियन कोड सर्चमध्ये जुनं फाइलनाव शोधा, मग शेवटचा आकडा काढूनही शोधा.

मग एबीआयडिफ चालवा, जुन्या-नव्या लायब्ररीच्या बायनरीतला फरक तो दाखवतो. सिम्बॉल (फंक्शन वगैरेचं नाव) गायब झालाय आणि अपस्ट्रीमने, म्हणजे लायब्ररीच्या मूळ लेखकांनी, सोनेम तसंच ठेवलंय, तर अपस्ट्रीमशी बोला. मनाने आकडा वाढवू नका; बाकीच्या डिस्ट्रोंशी मेळ राहत नाही.

आधी एक्सपेरिमेंटलमध्ये, म्हणजे डेबियनच्या प्रयोगाच्या विभागात, टाका. बायनरी पॅकेजचं नाव बदललं की ते न्यू क्यूमध्ये (नव्या पॅकेजांच्या तपासणीच्या रांगेत) थांबणार, तो वेळ धरून चाला. तोवर अवलंबून असलेली पॅकेजं नव्या लायब्ररीवर बांधून बघा. सगळी म्हणजे सगळी. इंदुरात मे महिन्याच्या दुपारी हे लॅपटॉपवर लावू नका, पंखा बोंबलतो आणि कंपाइल रेंगाळतं. रात्री लावा, सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा किस खाऊन या.

बांधलं गेलं म्हणजे झालं नाही. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.१.० ने २०१६ मध्ये आतली स्ट्रक्चर बाहेरच्या कोडापासून झाकून टाकली, तेव्हा निदान कंपायलर ओरडला. २०२१ च्या ३.० मध्ये एमडी४, ब्लोफिश वगैरे जुने अल्गोरिदम लेगसी प्रोव्हायडरमध्ये गेले, जो आपोआप लोड होत नाही. बिल्ड हिरवा, चालवल्यावर एरर. पायथनची आकडेमोडीची लायब्ररी नमपाय २.० (जून २०२४) आलं तेव्हा १ च्या मालिकेवर बांधलेली सी एक्स्टेंशनं पुन्हा बांधावी लागली. म्हणून टेस्ट चालवा. टेस्ट नसलेलं पॅकेज हाताने उघडून बघा. आणि डीएलओपनवाले तर एकेक करून उघडाच, टेस्ट असो वा नसो.

जिथे मोडेल तिथे पॅचसकट बग. ‘तुमचं पॅकेज मोडलंय’ एवढंच लिहून मोकळे होणारे डोक्यात जातात. पॅच जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा लिहा, आवृत्तीच्या मॅक्रोची अट घालून, नाहीतर अपस्ट्रीम घेणार नाही.

रिलीझ टीमकडे ट्रांझिशनचा, म्हणजे सगळ्यांना नव्या लायब्ररीवर नेण्याचा, बग टाका. होकार येईपर्यंत अनस्टेबलला, म्हणजे डेबियनच्या चालू विकासाच्या शाखेला, हात लावू नका. वाट बघताना कोड सर्च पुन्हा करा, मधल्या काळात एखादं नवं पॅकेज शिरलेलं असतं. डीएलओपन, परत सांगतो.

मग अपलोड, बाकीच्यांचे रिबिल्ड, मायग्रेशन (अनस्टेबलमधून टेस्टिंग शाखेत जाणं) अडलं तर कारण ट्रॅकरवर बघा. फ्रीझ (रिलीझआधी बदल थांबवण्याचा काळ) जवळ आला असेल तर यातलं काहीच नको.