लेकराला पट्टा लावायचा तर असा लावा

ऋषिपंचमीच्या गर्दीत शेगावला दोन वर्षांचं पोट्टं घेऊन जा, चप्पल काढायला वाकलं की हात सुटलाच म्हणून समजा. म्हणून मी नातवाला छातीचा पट्टा लावते, त्याची दोरी आपल्या हातात. "गोऱ्ह्यावानी काय बांधलं व माय?" असं बाया म्हणतात. म्हणू द्या. चालतं-पळतं, पण 'थांब' म्हटलं तरी थांबत नाही, अशा लेकराची ही सोय आहे. ऐकायला लागलं की काढून ठेवा.

मनगटाला दोरी नको. लेकरू एकीकडे पळतं, आपण दुसरीकडे, अन् या वयात हाताला हिसका बसला की कोपराचं हाड जागचं सरकतं. मग ते रडतं, हात लोंबता ठेवतं. अशा वेळी चोळत बसू नका, डॉक्टरकडे न्या. गळ्याजवळ तर काहीच नको.

पट्टा घरी शिवता येतो. जुन्या दप्तराचे पट्टे अन् बक्कल घ्या, नाहीतर सुती नवार. दोन पट्टे खांद्यांवरून, एक काखेखालून छातीभोवती, सगळे पाठीवर जुळवायचे. बक्कलही पाठीवरच, नाहीतर पोट्टं स्वतःच मोकळं होतं. धरायची दोरी मानेपासून चांगली खाली, पाठीच्या मधोमध शिवा. जोडाला चौकोनी शिवण अन् मधात फुली. लांबी मीटरभर पुरे, जास्त झाली की लोकांच्या पायात येते. छाती अन् पट्ट्यात दोन बोटं जावीत. आधी अंगणात सवय करा. ओढायचं नाही, आपण थांबलो की तेही थांबतं.

एसटीत चढताना दोरी गुंडाळून हातात घ्या, बसलं की पट्टा काढा. मोटरसायकलचा पट्टा वेगळा. 4 वर्षांखालच्या लेकराला चालकाशी जोडणारा पट्टा, हेल्मेट अन् ताशी 40 किलोमीटरच्या आत वेग, असा केंद्राचा 2022 चा नियम आहे. आपला घरगुती पट्टा त्या कामाचा नाही.

आता वावराचं. कपाशी वेचताना बाया लुगड्याचं एक टोक लिंबाच्या झाडाला अन् दुसरं लेकराच्या पायाला बांधतात. घरी राखणारं कोणी नसतं, समजतं मला. पण बांधलेलं लेकरू साप-विंचू निघाला तर पळणार कसं? दोरीचं दुसरं टोक माणसाच्याच हातात पाहिजे. त्यापेक्षा एका बाईनं सगळ्यांची लेकरं राखावी. वेचणीचे पैसे किलोवर, म्हणजे तिची मजुरी बुडते. तर प्रत्येकीनं आपल्या कापसातला थोडा तिच्या कंबरेच्या ओट्यात टाकावा. लेकरं बिनकठड्याच्या विहिरीपासून लांब बसवा, शेततळ्यापासूनही. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवरून घसरलेल्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

जत्रेत जाताना पट्ट्याच्या आतल्या बाजूला कापडाचा तुकडा शिवून त्यावर फक्त फोन नंबर लिहा. नाव नको, नावानं हाक मारली की लेकरू कोणाच्याही मागं जातं. तरी हरवलंच तर बंदोबस्तातल्या पोलिसाला लगेच सांगा अन् लेकरांच्या मदतीचा 1098 नंबर लावा.