चितकबऱ्या अलोकेशियाची पाने उन्हाळ्यात करपू नयेत म्हणून

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास गेला की, हिरव्या पानांवर पांढरे पट्टे असलेल्या या शोभेच्या अळूचे पांढरे भाग आधी कागदासारखे कोरडे पडतात आणि मग तपकिरी होतात.

अशा वेळी पाणी वाढवण्याऐवजी कुंडीभोवतीची हवा दमट ठेवावी. एका घमेल्यात चार बोटे वाळू भरून ती ओली करावी, त्यात दोन विटा ठेवून त्यांवर कुंडी ठेवावी, म्हणजे बूड पाण्यात राहत नाही. घमेल्याभोवती भिजवलेले बारदान गुंडाळून ते सकाळ-संध्याकाळ ओले करावे. हे सारे सपरीत, पिण्याच्या पाण्याच्या रांजणाशेजारी मांडल्यास उत्तम, कारण तिथे उजेड मिळतो, ऊन मिळत नाही आणि रांजणाचा गारवा आपसूक लाभतो. कुलरसमोर मात्र कुंडी कधीही ठेवू नये. त्या सततच्या झोताने कोवळे, अजून गुंडाळलेले पान उलगडतानाच फाटते.

कुंडीतील मातीत बोट दोन पेरांपर्यंत खुपसून पाहावे आणि ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, कारण या झाडाचा कंद उन्हापेक्षा साचलेल्या पाण्याने लवकर सडतो. कडा करपलेले पान लगेच तोडण्याची घाई करू नये, त्याचा उरलेला हिरवा भाग झाडाला पोसतच असतो.

या झाडाचा चीक त्वचेला खाजवतो आणि पान चावल्यास तोंड व घसा सुजतो, म्हणून लहान मुले, शेळ्या आणि वासरे पोहोचणार नाहीत अशा जागीच घमेले मांडावे.