रसद धुऱ्यावर अडते : तिन्ही दलांसाठी पुरवठा कर्मचारी घडवताना या चुका टाळा

आमच्या वर्धा जिल्ह्यात शेतकऱ्यांची भांडणे वावराच्या मधोमध होत नाहीत, ती धुऱ्यावर होतात. स्वतःच्या वावरात कोणत्या तासात पऱ्हाटी आहे आणि कोणत्या तासात तूर, हे प्रत्येकाला ठाऊक असते. प्रश्न उभा राहतो तो दोन वावरांमधल्या हातभर जमिनीचा. सैन्याच्या पुरवठा शाखेत मी अनेक वर्षे नोकरी केली, त्यातील काही वर्षे नव्या स्टोअरकीपरना आणि लिपिकांना शिकवण्यात गेली, आणि आता देवळी तालुक्यातील माझ्या गावी राहून भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी मार्गदर्शन करतो. माल गोदामातल्या गोदामात अडल्याचे प्रसंग मी कमी पाहिले. एका दलाच्या हातातून दुसऱ्या दलाच्या हातात जाताना तो अडल्याचे प्रसंग मात्र पुष्कळ पाहिले. ही अडचण मालाची नसून शिकवण्याची आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

१ जानेवारी २०२० रोजी संरक्षण दल प्रमुख हे पद प्रत्यक्ष अस्तित्वात आले, १ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत तिन्ही दलांचे संयुक्त रसद केंद्र सुरू झाले, आणि गुवाहाटी व पोर्ट ब्लेअर येथेही अशाच केंद्रांची योजना झाली. दारूगोळा, शिधा, इंधन, कपडे, सुटे भाग आणि भाड्याची वाहने या गोष्टी तिन्ही दलांनी एकमेकांच्या साठ्यातून घ्याव्यात, हा त्यामागचा विचार आहे. प्रशिक्षण मात्र मुख्यतः आपापल्या घरी होते. भूदलाच्या सर्व्हिस कोअरचा (शिधा, इंधन, वाहतूक पाहणाऱ्या शाखेचा) माणूस बंगळुरूला शिकतो, ऑर्डनन्स कोअरचा (शस्त्रे, दारूगोळा, कपडे, सुटे भाग पाहणाऱ्या शाखेचा) सिकंदराबाद आणि जबलपूरला, तर नौदलाचा मुंबईतील मालाडजवळच्या आयएनएस हमला या नौदल तळावर. जहाजावरचा साठा आणि बर्फातल्या चौकीचा साठा ही दोन वेगळी शास्त्रे असल्यामुळे सुरुवातीचे शिक्षण वेगळे असणे मला गैर वाटत नाही. चूक होते ती त्यानंतर.

पहिली चूक : आपले लेजर (साठ्याची नोंदवही) म्हणजेच पुरवठा, असे शिकवणे

साठ्याच्या नोंदीसाठी भूदलाने सीआयसीपी, नौदलाने आयएलएमएस आणि हवाई दलाने इमॉल्स अशा वेगवेगळ्या संगणकीय प्रणाली उभ्या केल्या. प्रत्येक प्रणाली तिच्या दलाच्या गरजेतून घडली आहे. प्रशिक्षणार्थी आपल्या प्रणालीत तरबेज होतो, आणि दुसऱ्या दलाचे मागणीपत्र हाती पडले की त्याला तो कागदच परका वाटतो.

आमच्या भागातील लोकांना ही गोष्ट समजावण्यासाठी शकुंतला रेल्वेचे उदाहरण पुरते. यवतमाळहून मूर्तिजापूरला येणारी ती गाडी ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर चालत असे आणि मूर्तिजापूरहून पुढे मुंबईकडे जाणारा मार्ग १,६७६ मिलिमीटरचा होता. कापूस तोच, गाठी त्याच, मुक्कामही ठरलेला. तरीही मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवल्याशिवाय पुढे जाणे नव्हते. ज्या ठिकाणी रुळांची रुंदी बदलते, तिथे हमाल, वेळ, वजनाची फेरतपासणी आणि नुकसान या चारही गोष्टींची तरतूद करावी लागते. तिन्ही दलांच्या नोंदपद्धती जिथे एकमेकींना भिडतात, ते प्रत्येक ठिकाण म्हणजे एक मूर्तिजापूर आहे, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला दोन्ही रूळ ठाऊक असले पाहिजेत.

एका संयुक्त सरावातील प्रसंग सांगतो. एका दलाने हातमोज्यांची मागणी पाठवली आणि संख्येच्या रकान्यात ४० लिहिले. लिहिणाऱ्याच्या मनात ४० जोड्या होत्या. माल देणाऱ्याच्या यादीत हातमोज्याचे एकक नग होते. त्याने ४० नग मोजून दिले, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, आणि २० माणसे उघड्या हातांनी राहिली. कागदोपत्री कोणाचीही चूक निघाली नाही, आणि मला सर्वांत जास्त टोचले ते हेच.

उपाय अवघड नाही. वस्तू ओळखण्यासाठी १३ अंकी साठा क्रमांकाची पद्धत आपल्याकडे आहे. त्यातील पहिले ४ अंक वस्तूचा वर्ग सांगतात, पुढचे २ अंक देश सांगतात आणि उरलेले ७ त्या वस्तूचे स्वतःचे असतात. वस्तूच्या नावावर विसंबून न राहता या क्रमांकावर आणि त्यापुढे लिहिलेल्या एककावर बोट ठेवून वाचण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने इतर दोन दलांच्या नमुन्यात किमान एकेक मागणीपत्र स्वतःच्या हाताने भरावे, आणि ते त्याच दलाच्या माणसाने तपासावे. स्वतःच्या शिक्षकाने तपासलेल्या अशा कागदाला फारसा अर्थ नसतो.

दुसरी चूक : सुट्या भागांची बेरीज म्हणजे तयारी, असे मानणे

१५५ मिलिमीटरच्या तोफेला केवळ गोळा देऊन ती उडत नाही. गोळा, त्याला ढकलणारी दारू, गोळा फोडणारा फ्यूज आणि दारू पेटवणारा प्रायमर हे चार घटक वेगवेगळे येतात, वेगवेगळ्या पेट्यांत साठवले जातात आणि तोफेजवळच एकत्र होतात. विदर्भातील माणसाला हे पटकन उमगते, कारण गोळ्याचे धातूचे कवच नागपूरजवळच्या अंबाझरी कारखान्यात, दारू भंडाऱ्यात आणि मोठ्या गोळ्यांचे भरणकाम भद्रावतीजवळच्या चांदा कारखान्यात, अशी कामाची विभागणी आपल्या डोळ्यांसमोरच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये या कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा अंबाझरी एका कंपनीत गेला, तर भंडारा आणि चांदा दुसऱ्या कंपनीत.

असे असूनही वर्गात साठ्याचा अहवाल शिकवताना प्रत्येक घटकाची स्वतंत्र टक्केवारी काढायला लावतात. गोळे १,००० असले, फ्यूज ९०० असले, दारू १,००० गोळ्यांना पुरेल एवढी असली, पण प्रायमर ४०० असतील, तर तोफखान्यासाठी साठा ४०० आहे. सरासरी काढली तर ८२ टक्क्यांहून अधिक तयारी दिसते, आणि वर बसलेला अधिकारी त्या आकड्यावर योजना आखतो. म्हणून अहवालाच्या पहिल्या ओळीत पूर्ण राउंड (चारही घटक जुळलेले संच) किती, हेच लिहायला शिकवावे; घटकांचे तक्ते त्याखाली यावेत. हाच नियम विमानाच्या सुट्या भागांना, बोटीच्या इंजिनाला आणि फिरत्या स्वयंपाकघरालाही लागू पडतो. शेगडी आली आणि बर्नरची नळी मागे राहिली, तर त्या दिवशी गरम जेवण नाही.

तिसरी चूक : ट्रकच्या हिशेबाने विमान भरणे

जमिनीवर वाढलेला माणूस टनात विचार करतो. एएन-३२ विमान साधारण ६.७ टन आणि सी-१७ सुमारे ७० टन वाहून नेऊ शकते, हे आकडे तो पाठ करतो आणि त्यावरून फेऱ्यांचा हिशेब मांडतो. प्रत्यक्षात रजया, तंबू आणि रिकाम्या जेरीकॅनने विमानाची जागा आधी संपते आणि वजन शिल्लक राहते; दारूगोळ्याने वजन आधी संपते आणि जागा शिल्लक राहते. काही वस्तू एकमेकींसोबत एकाच विमानात चढवताच येत नाहीत. शिवाय हवा तापली की ती विरळ होते आणि विमानाची उचलण्याची क्षमता घटते. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे आणि तिथली उड्डाणे शक्यतो सकाळीच उरकतात, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. मे महिन्यात दुपारी नागपूरच्या धावपट्टीवर उभे राहिलेल्याला हे वेगळे सांगावे लागू नये.

त्यामुळे भूदलाच्या प्रशिक्षणार्थ्याला भारयादी करायला सांगताना प्रत्येक पेटीचे वजन, लांबी, रुंदी, उंची आणि प्राधान्यक्रम असे पाचही रकाने सक्तीचे करावेत. ऐनवेळी दीड टन कमी करा, असे वैमानिकाने सांगितले, तर कोणती पेटी खाली उतरवायची याचे उत्तर यादीतच असले पाहिजे. हे उत्तर धावपट्टीवर शोधू लागल्यास सर्वांत जवळची पेटी खाली उतरते, सर्वांत कमी गरजेची नव्हे.

चौथी चूक : एका हवामानाचे शिक्षण सगळीकडे चालेल, असे समजणे

इंधनाच्या बाबतीत ही चूक चोरीच्या आरोपापर्यंत जाते, म्हणून मी तिच्यावर थोडा थांबतो. डिझेलचे आकारमान दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०८ टक्क्यांनी बदलते. आपल्याकडे ४५ अंशांच्या उन्हात मोजलेले १२,००० लिटर डिझेल १५ अंशांना मोजले, तर सुमारे २९० लिटर कमी भरते. एक थेंबही सांडलेला नसतो. थंड प्रदेशात टँकर उतरवून घेणारा दुसऱ्या दलाचा माणूस तूट लिहितो, चालक अडकतो आणि चौकशी सुरू होते. घनता आणि तापमान मोजून आकारमान १५ अंशांवर आणण्याची रीत ठरलेली आहे. ती वर्गात एकदा फळ्यावर दाखवून भागत नाही, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर हातात देऊन सकाळी आणि दुपारी, अशी दोनदा करून घ्यावी लागते.

बांधणीचेही असेच आहे. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात महिनोन्‌महिने टिकलेले पुठ्ठ्याचे खोके अंदमानच्या दमट, खाऱ्या हवेत लवकर मऊ पडते आणि आतल्या लोखंडी भागाला गंज चढतो. अंदमान-निकोबार हा २००१ पासून तिन्ही दलांचा संयुक्त कमांड आहे. तिथे माल पाठवणाऱ्याने तो माल तिथे पोहोचल्यावर कसा दिसतो याची छायाचित्रे तरी पाहिलेली असावीत.

पाचवी चूक : सुरक्षेचा वेगळा तास ठेवणे

३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागली आणि स्फोट झाले. अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी त्यात प्राणाला मुकले, आसपासच्या गावांतील लोकांना रात्रीतून घरे सोडावी लागली. त्या गावांशी माझे नाते आहे, त्यामुळे सुरक्षेचे व्याख्यान अभ्यासक्रमाच्या शेवटी एका दुपारी उरकलेले पाहिले की मला ते सहन होत नाही.

स्फोटक पदार्थांचे धोक्यानुसार १.१ ते १.६ असे विभाग आहेत आणि कोणते पदार्थ एकत्र ठेवता येतात हे ठरवणारी गटांची अक्षरे आहेत. डिटोनेटरचा बी गट आणि मुख्य स्फोटकाचा डी गट एकाच खोलीत शेजारी ठेवायचे नसतात. संयुक्त कामात धोका वाढतो तो असा की, नौदलाच्या किंवा हवाई दलाच्या पेटीवरचे चिन्ह भूदलाच्या स्टोअरकीपरच्या सरावातले नसते आणि तो पेटीच्या आकारावरून अंदाज बांधतो. अंदाज बांधण्यास सक्त मनाई असावी. साठा लावणे, मोजणे, चढवणे, उतरवणे यांपैकी कोणताही पाठ गट आणि विभाग मोठ्याने वाचल्याशिवाय सुरू होऊ नये, आणि चिन्ह न कळल्यास काम थांबवणाऱ्याला कधीही दोष देऊ नये.

सहावी चूक : संयुक्त शिक्षण वरच्या हुद्द्यांपुरते ठेवणे

तमिळनाडूतील वेलिंग्टन आणि सिकंदराबाद येथे तिन्ही दलांचे अधिकारी एकत्र शिकतात, हे उत्तमच आहे. पण धुऱ्यावर उभा असतो तो नायक किंवा हवालदार. भूदलाचा हवालदार, हवाई दलाचा सार्जंट आणि नौदलाचा पेटी ऑफिसर हे एकाच तोडीचे हुद्दे आहेत, हेसुद्धा अनेक प्रशिक्षणार्थ्यांना सांगता येत नाही. समोरच्या माणसाच्या बाहीवरची खूण ओळखता न आल्यामुळे कोणाशी बोलायचे आणि सही कोणाची घ्यायची, याच घोळात तास निघून जातो. कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या दलाच्या भांडारात निदान दोन आठवडे प्रत्यक्ष काम केले पाहिजे, आणि तेही पाहुणा म्हणून नव्हे, तर तिथल्या बिन कार्डावर (मालाच्या खणाशी ठेवलेल्या नोंदपत्रकावर) सही करणारा माणूस म्हणून.

मुले परीक्षेत उत्तीर्ण होतात पण सरावात गोंधळतात, ही तक्रार शिक्षक माझ्याकडे नेहमी करतात. तेव्हा मी आधी सरावाची पटकथा मागून घेतो. बहुतेकदा तिच्यात काहीच बिघडत नाही. पूल शाबूत असतो, फोन लागतो आणि प्रत्येक मागणी वेळेवर पोहोचते. आमच्या भागात यासाठी मी ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर घेतो, कारण भंडारा, ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडच्या मुलांनी तो स्वतः पाहिलेला आहे. एक गट बोटींचा, एक हेलिकॉप्टरचा, एक ट्रकचा आणि एक तहसील कार्यालयाचा असतो. मध्येच मी रस्ता बंद झाल्याची चिठ्ठी देतो, तासाभराने इंधन अर्ध्यावर आल्याची, आणि शेवटी एका गटाचा प्रमुख उठवून बाहेर बसवतो. मग धान्याची पोती ट्रकवरून बोटीत जाताना कोणी मोजली, पावती कोणाकडे राहिली आणि भिजलेल्या पोत्यांची नोंद कोणाच्या वहीत झाली, एवढे तीनच प्रश्न विचारतो. पहिल्या दिवशी चारही वह्यांतील आकडे वेगळे निघतात. त्याच मुलांकडून, गट बदलून, हा सराव मी तिसऱ्या दिवशी पुन्हा करून घेतो.