नवीन कार्ड आलं: घ्यायचं का, आणि घेतलं तर डेकमधून बाहेर कोण जाणार?

डिजिटल कार्ड गेममध्ये नवीन सेटची (एकदम येणाऱ्या नव्या कार्डांच्या गटाची) कार्डं दाखवायला सुरुवात झाली की सगळीकडे एकच चालू होतं, हे भारी, ते कचरा, ह्याला पाचपैकी पाच, त्याला एक. आणि महिन्याभरात निम्मे मार्क उलटेपालटे झालेले असतात. कारण कार्ड चांगलं आहे का हा प्रश्नच अर्धवट आहे. डेकमध्ये, म्हणजे मॅचला घेऊन जायच्या कार्डांच्या गठ्ठ्यात, जागा मोजक्या असतात, हार्थस्टोनमध्ये ३०, मार्व्हल स्नॅपमध्ये १२, मॅजिक अरीनाच्या नेहमीच्या प्रकारात कमीत कमी ६०, म्हणजे नवीन कोणी आत आलं की जुनं कोणीतरी बाहेर जाणार. बाहेर जाणाऱ्या कार्डाचं नाव सांगता येत नसेल तर तुम्ही अजून नवीन कार्ड नीट बघितलेलंच नाही, फक्त त्याचं चित्र आणि मजकूर वाचून खुश झालाय.

उदाहरणं मी जास्त करून हार्थस्टोनची घेतोय आणि तीही जुन्या सेट्समधली, कारण त्यांचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. पद्धत मात्र कुठल्याही गेमला चालते.

सगळ्यात आधी कार्डाचा वाईट दिवस बघायचा. आपण नवीन कार्ड वाचतो तेव्हा डोक्यात आपोआप सगळ्यात भारी सीन सुरू होतो, समोरच्याचा बोर्ड (टेबलावरची त्याची बाजू) भरलेला आहे, आपल्या हातात नेमकं हेच, धडाम. तो सीन बाजूला ठेवा आणि विचारा की ह्यातलं काहीच जुळलं नाही तर हातात काय उरतं? ॲसिडिक स्वॅम्प ऊझ हे कार्ड घ्या, २ मॅना (कार्ड खेळायचा खर्च), ३ अटॅक, २ हेल्थ (थोडक्यात ३/२), आणि खेळल्यावर समोरच्याचं शस्त्र मोडतं. समोरच्याकडे शस्त्र नसलं तरी तुम्ही २ मॅनामध्ये ३/२ टाकलेला आहे, आणि त्या काळात काहीच मजकूर नसलेलं २ मॅनाचं कार्डही एवढंच मिळायचं. म्हणजे शस्त्र मोडणं जवळजवळ फुकट. असं कार्ड डेकमध्ये सहज खपतं. ह्याउलट जे कार्ड अट जुळली तर मॅच जिंकून देतं आणि नाही जुळली तर हातात धोंडा होऊन बसतं, त्याची अट किती वेळा जुळेल हे आधी मोजावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे साधं माप तयार ठेवा. हार्थस्टोनच्या सुरुवातीच्या काळात हिशोब सोपा होता, मॅनाची दुप्पट अधिक एक इतकी अटॅक आणि हेल्थची बेरीज म्हणजे बरोबरीचा माल. चिलविंड येटी ४ मॅनाला ४/५, बेरीज ९. बोल्डरफिस्ट ओगर ६ मॅनाला ६/७, बेरीज १३. आता ह्या मापाने नॉव्हिस इंजिनिअर बघा, २ मॅनाला फक्त १/१, पण डेकमधून एक कार्ड ड्रॉ करून (ओढून) देतो. बेरीज ५ हवी होती, आहे २, म्हणजे एक कार्ड ओढायची किंमत बनवणाऱ्यांनी साधारण ३ पॉइंट लावली. असा हिशोब केला की कार्डावरच्या प्रत्येक वाक्याची किंमत डोळ्यासमोर येते आणि कुठं सूट मिळालीये ते कळतं. हल्लीच्या सेट्समध्ये कार्डं इतकी तगडी झालीयेत की येटीला कोणी विचारत नाही, त्यामुळे माप जुनं वापरू नका, तुमच्या गेममध्ये आज त्याच मॅनाला सगळ्यात जास्त खेळलं जाणारं कार्ड कोणतं ते बघा आणि त्याच्याशेजारी नवीन कार्ड ठेवा.

पण नुसती बेरीज करून भागत नाही, कारण अंगावर सात-आठ हेल्थ असलेला राक्षस पुढच्या टर्नला काही करायच्या आत मेला तर त्या बेरजेचं करायचं काय. इथं लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. एक गट कुठल्याही मोठ्या कार्डाला "मरेल हो हे" म्हणून मोडीत काढतो. डिसेंबर २०१४ मध्ये डॉक्टर बूम आला, ७ मॅनाला ७/७ आणि सोबत दोन १/१ चे बॉम्ब, जे मरताना समोरच्या कोणालातरी १ ते ४ डॅमेज करतात. तेव्हा बिग गेम हंटर ३ मॅनालाच मिळायचा आणि ७ किंवा जास्त अटॅकचा मिनियन (बोर्डवर उतरवलेला लढवय्या) थेट मारायचा, त्यामुळे कागदावर डॉक्टर बूम त्याचं आयतं खाद्य होता. प्रत्यक्षात बूम मेला तरी दोन्ही बॉम्ब बोर्डवर उरायचे, आणि नाही मेला तर मॅच तिथंच संपायची. झालं काय की बूम कित्येक डेक्समध्ये जाऊन बसला. तेव्हा "मरेल का" एवढंच विचारून थांबू नका, "मेल्यावर मागं काय राहील आणि त्याला मारायला समोरच्याचं काय खर्च होईल" हे विचारा. जे कार्ड टाकल्याटाकल्या काहीतरी देऊन जातं, ड्रॉ, डॅमेज, छोटा मिनियन, काहीही, ते मेलं तरी कमावून गेलेलं असतं. जे एक टर्न जगलं तरच कामाचं, त्याला मार्क देताना हात आखडता घ्या.

मग तीन परिस्थिती डोळ्यासमोर आणा. तुम्ही पुढं आहात, बरोबरीत आहात, मागं पडलाय. पुढं असताना जवळजवळ सगळीच कार्डं छान दिसतात, म्हणून त्या रकान्याला किंमतच देऊ नका. बोर्डवर चार मिनियन असताना सगळ्यांना ताकद देणारं कार्ड बघायला मजा येते, पण चार मिनियन जिवंत आहेत म्हणजे तुम्ही तसेही जिंकतच होतात ना. मागं पडलेलं असताना रिकाम्या बोर्डवर हे एकटं कार्ड ओढलं तर काय होईल, हा कसोटीचा प्रश्न. अर्थात फास्ट डेकवाल्यांना ह्यात थोडी सूट, कारण त्यांचा सगळा प्लॅनच सुरुवातीपासून पुढं राहण्याचा असतो आणि त्यांच्यासाठी पहिल्या तीन टर्नमध्ये कार्ड काय करतं हेच मुख्य.

आता अटीवाली कार्डं, ह्यात खरी गंमत आहे. रेनो जॅक्सन नोव्हेंबर २०१५ मध्ये आला, ६ मॅना, ४/६, आणि तुमच्या डेकमध्ये कुठलंही कार्ड दोनदा नसेल तर हिरोची, म्हणजे तुमची स्वतःची, हेल्थ पूर्ण भरून देतो. कार्डावर किंमत ६ मॅना लिहिलीये पण खरी किंमत वेगळीच आहे, प्रत्येक चांगल्या कार्डाची दुसरी प्रत काढून त्याजागी थोडं कमी चांगलं कार्ड घालायचं. म्हणजे एका कार्डासाठी डेकमधल्या दहा-बारा जागा बदलतायत, आणि हिशोब त्या सगळ्या जागांचा करायला हवा. ज्या क्लासकडे (हिरोच्या प्रकाराकडे) एकाच कामाची पुष्कळ वेगवेगळी कार्डं आहेत त्याला हे परवडतं, ज्याच्याकडे मोजकीच चार चांगली आहेत त्याचा डेक पार ढिला पडतो.

उलट बाजूही आहे. मिस्टीरियस चॅलेंजर, ऑगस्ट २०१५, ६ मॅना, ६/६, खेळला की डेकमधलं प्रत्येक प्रकारचं एकेक सिक्रेट (लपवून ठेवायचं, ठराविक घटना घडली की उघडणारं कार्ड) थेट बोर्डवर आणायचा. पॅलाडिन ह्या क्लासची सिक्रेट्स तेव्हा कमजोर समजली जायची आणि ती डेकमध्ये भरायची कोणाचीच तयारी नव्हती. पण हिशोब करा, १ मॅनाची चार-पाच सिक्रेट्स एका कार्डासोबत फुकट लागली, आणि वर ती कमजोर कार्डं डेकमधून निघून गेल्यामुळे पुढचे ड्रॉ सुधारले! तेव्हा अटीचं कार्ड दिसलं की ते एकटं बघायचं नाही, त्याच्यासाठी जो डेक लागेल तो अख्खा लिहून काढायचा, कागदावर लिहा, फोनवर लिहा, पण लिहा. पंधराव्या-सोळाव्या कार्डापर्यंत पोचल्यावरच कळतं की मजबूत डेक होतोय का नुसती भरती चाललीये.

ह्यानंतर आकडेमोड, आणि कंटाळा करू नका कारण इथंच सगळे कॉम्बो (ठराविक कार्डं एकत्र जुळवून जिंकणारे) डेक मरतात. हार्थस्टोनमध्ये पहिली खेळी तुमची असेल तर सुरुवातीला ३ कार्डं आणि दर टर्नला १, म्हणजे सातव्या टर्नला तुम्ही डेकमधली १० कार्डं बघितलेली असतात, मुलिगन (सुरुवातीची नको ती कार्डं बदलून घेणं) आणि जास्तीचे ड्रॉ सोडून. एखाद्या कार्डाची एकच प्रत असेल तर तोपर्यंत ती हातात यायची शक्यता ३३ टक्के, दोन प्रती असतील तर किमान एक यायची साधारण ५६ टक्के. दोन वेगवेगळी कार्डं एकत्र लागत असतील आणि दोघांच्याही दोन-दोन प्रती ठेवल्या तरी दोन्ही हातात असायची शक्यता फक्त ३० टक्क्यांच्या आसपास. दोघांची एकेकच प्रत असेल तर १० टक्के. म्हणजे तुमचा भारीतला भारी कॉम्बो दहापैकी सात मॅचमध्ये सातव्या टर्नपर्यंत होणारच नाही, मग त्या सात मॅच कशा जिंकायच्या ते डेकमध्ये असायला हवं.

मार्व्हल स्नॅपमध्ये हाच हिशोब एकदम वेगळा येतो. डेक १२ चा, प्रत्येक कार्ड एकदाच, आणि सहाव्या टर्नपर्यंत तुम्ही ९ कार्डं बघता. म्हणजे ठराविक कार्ड यायची शक्यता ७५ टक्के, ठराविक दोन्ही यायची ५४-५५ टक्के. तिथं दोन कार्डांची जोडी धरून डेक बांधणं शहाणपणाचं आहे. पण तिथं अडचण एनर्जीची (तिथला मॅना), १ ते ६ टर्नची एनर्जी मिळून २१ होते, संपलं. ६ एनर्जीचं कार्ड शेवटच्या टर्नला एकच बसतं, त्यामुळे एनर्जी वाढवायची किंवा खर्च कमी करायची सोय नसेल तर अशी तीन कार्डं ठेवली की त्यातली दोन हातात नुसती बसून राहणार.

आता डेक बांधायला बसलात की पहिलं वाक्य हे लिहा: हा डेक कसा जिंकतो आणि साधारण कितव्या टर्नला. "बोर्ड सांभाळत मग बघू" हा प्लॅन नाही. वाक्य लिहून झालं की त्या प्लॅनशिवाय डेकला अर्थच नाही अशी कार्डं आधी टाका, ती सहसा दहा-बाराच्या वर नसतात. मग सुरुवातीच्या टर्न भरा. दुसऱ्या टर्नला खेळायला काहीतरी हवं असेल तर ३० च्या डेकमध्ये २ मॅनाची किती कार्डं लागतील? पहिली खेळी तुमची असली तर तोपर्यंत ५ कार्डं बघून होतात, आणि मुलिगन धरलं नाही तर ४ कार्डं ठेवून त्यातलं एखादं तरी यायची शक्यता ५४ टक्के, ६ ठेवलीत तर ७०, ८ ठेवलीत तर ८२. फास्ट डेकला ८ च्या खाली जाऊ देऊ नका, हळू डेकचं ५-६ वर भागतं कारण तो दुसऱ्या टर्नला हिरो पॉवर (हिरोची स्वतःची, कार्डाशिवायची ताकद) वापरूनही जगतो.

उरलेल्या जागा म्हणजे ड्रॉ, समोरच्याचे मिनियन मारायची कार्डं आणि लॅडरवर (रँकच्या मॅचमध्ये) जे जास्त भेटतंय त्याच्यावरचा इलाज. हा इलाज एक-दोन जागांच्या वर नेऊ नका. दहापैकी दोन जण शस्त्रवाले भेटत असतील तर दोन ऊझ ठेवण्यात हशील नाही, एक पुरे.

पहिल्या फेरीत ३० च्या जागी ३५-३६ कार्डं होणार, सगळ्यांचीच होतात. कापताना आवडीची कार्डं सोडून बाकीची कापायची सवय असते, ती मोडा. प्रत्येक मोठ्या कार्डाला विचारा की हातात दोन मोठी कार्डं अडकून पडलेली असताना तूच तिसरं म्हणून आलास तर काय. गंमत म्हणजे कापायचं कार्ड बऱ्याचदा तेच निघतं ज्याच्यावरून सगळा डेक सुचला होता.

टेस्टिंग करताना एका वेळी एक-दोन कार्डंच बदला, सहा बदलली तर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही. आणि वीस मॅचवर निकाल लावू नका राव. बरोबर निम्म्या मॅच जिंकणारा डेक वीसपैकी आठ जिंकला काय आणि बारा जिंकला काय, दोन्ही निव्वळ नशीब असू शकतं. शंभर मॅच खेळल्या तरी ४० ते ६० ची ये-जा नशिबात मोडते. म्हणून मी विनरेटपेक्षा (जिंकण्याच्या टक्क्यापेक्षा) एक सोपी नोंद ठेवतो, मॅच संपल्यावर हातात कोणतं कार्ड न खेळता पडून होतं. तेच तेच नाव परत परत यायला लागलं की काय काढायचं ते ठरतं.

आकडेवारीच्या साइट्स वापरत असाल तर कुठला विनरेट बघताय ते तपासा. "खेळल्यावर जिंकण्याचं प्रमाण" महागड्या कार्डांचं उगाच फुगलेलं असतं, कारण ९ मॅनाचं कार्ड खेळता आलं म्हणजे तुम्ही तिथवर जगलात, जे हरले त्यांच्या हातात ते तसंच राहिलं आणि हिशोबात आलंच नाही. "हातात आल्यावर" वाला आकडा त्यापेक्षा खरा. सुरुवातीच्या हातात ठेवल्यावरचा आकडा मुलिगन शिकायला चांगला, पण त्यात स्वस्त कार्डं वर दिसणार हे धरून चाला.

राहिला खर्च. हार्थस्टोनमध्ये साधं लेजेंडरी (सगळ्यात दुर्मीळ दर्जाचं) कार्ड बनवायला १६०० डस्ट (कार्डं बनवायचं गेममधलं चलन) लागते आणि मोडलं तर ४००च परत, म्हणजे चुकीची निवड चांगलीच महाग पडते. नवीन सेट आला की पहिल्या आठवड्यात सगळे अर्धेकच्चे डेक घेऊन फिरत असतात, त्यांच्यापुढं फास्ट डेक सहज जिंकतो, आणि त्याच आठवड्यातले आकडे बघून लोक लेजेंडरी बनवतात. तेवढा वेळ कॉमन आणि रेअरवर (स्वस्त दर्जाच्या कार्डांवर) काढा, बनवायचंच असेल तर एकापेक्षा जास्त डेक्समध्ये बसणारं कार्ड आधी. आणि एखादं कार्ड इतकं माजलंय की सगळे ओरडतायत, नर्फ (कार्ड कमजोर करणारा बदल) येणार असं वाटतंय, तर ते बनवायला घाबरू नका, कारण नर्फ झाल्यावर काही दिवस त्याची पूर्ण डस्ट परत मिळते. त्याच्यासोबत लागणाऱ्या बाकीच्या कार्डांची मात्र मिळत नाही, ती बनवताना हात आवरा.