जुन्या व्हॅनखालचे कूलंटचे पाइप कसे बांधावेत

ज्या जुन्या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर त्यापासून दूर, गाडीच्या तोंडाशी असतो, तिच्या पोटाखालून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) नेणारे आणि परत आणणारे पाइप उघड्यावरच गेलेले असतात. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या दर्यापूर भागात ही गाडी पावसाळ्यात पांदण रस्त्याने चालते, तेव्हा काळी माती पाइपावर आणि क्लॅम्पवर थापली जाते. ती वरून वाळली तरी आतून कित्येक दिवस ओली राहते आणि क्लॅम्पखालचे लोखंड गंजू लागते. पुढे कापूस वेचून झाल्यावर शेतातून गाडी काढताना पऱ्हाटीचे खुंट त्याच पाइपात अडकून तो ओढला जातो.

माझ्या गाडीचे गिअरबॉक्सचे काम एका गॅरेजमध्ये झाले तेव्हा पाइपाच्या क्लॅम्पचे दोन बोल्ट तुटले आणि त्यांच्या जागी बांधणीची तार पिळून गाडी परत मिळाली. तीन महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, त्या तारेने घासून घासून पाइपाला चीर पाडली. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकताना दिसला म्हणून गाडी वेळेवर थांबवली, नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनाचे डोके आणि ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी) गेलेच असते. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो, आणि त्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला ही वाटते, की पाइप पक्का धरलेला असावा, पण जखडलेला नसावा.

गाडीखाली जाण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडल्यास आतला दाब एकदम सुटतो आणि उकळते कूलंट अंगावर येते. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्यावी, मागच्या चाकांना ओट (चाक घसरू नये म्हणून अडसर) लावावी आणि जॅकने उचलल्यावर लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. वीट दबावाखाली न सांगता फुटते, आणि काळ्या मातीत जॅक खचतो. कूलंट बादलीत काढून लगेच झाकावे, कारण त्यातले ग्लायकॉल विषारी असूनही चवीला गोड असते आणि कुत्री, शेळ्या ते पितात.

आता खरी चूक कुठे होते ते पाहू. गिअरबॉक्स किंवा क्रॉस मेंबर (गाडीखालची आडवी पट्टी) काढताना पाइपाचे क्लॅम्प सोडले जातात आणि त्याचे सगळे वजन टोकाच्या होसवर, म्हणजे रबरी पाइपावर, लटकते. जुने रबर त्या ताणाने जोडाच्या कडेशी आतून चिरते, वरून काहीच दिसत नाही आणि गळती पंधरा दिवसांनी सुरू होते. म्हणून क्लॅम्प सोडण्याआधी पाइप दोन ठिकाणी रुंद पट्टीने चेसिसला टांगून ठेवावा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी यासाठी उत्तम, कारण ती घासत नाही आणि थोडी ताणते. पाइप बाजूला करावाच लागणार असेल, तर होस आधी सोडावा, ओढू नये. उघड्या तोंडांवर प्लॅस्टिकची पिशवी रबर बँडने बांधावी. चिंधी आत कोंबू नये, कारण ती विसरली की पाण्याची वाटच बंद होते. सोडण्याआधी होस कुठवर चढलेला होता त्याची खडूने खूण करावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

पाइप परत बसवताना प्रत्येक आधाराला रबराचे अस्तर असलेला क्लॅम्प वापरावा. दीड मीटर लांबीचा लोखंडी पाइप ३० अंशांवरून ९० अंशांवर तापला की सुमारे १ मिलिमीटर लांबतो, ॲल्युमिनियमचा त्याच्या जवळपास दुप्पट. ही वाढ रबरात सरकून जाते. उघड्या पत्र्याच्या क्लॅम्पात मात्र तोच पाइप रोज थोडाथोडा खरवडला जातो. मी साधारण ४० ते ५० सेंटिमीटरवर एक क्लॅम्प घेतो आणि होसच्या जोडापासून हातभर अंतर न सोडता, १५ सेंटिमीटरच्या आत, एक नक्की देतो. पाइपाचे क्लॅम्प सगळे बॉडीलाच असावेत. एक बॉडीला आणि दुसरा इंजिनाला दिला, तर इंजिन आपल्या माउंटिंगवर हलते आणि पाइप वाकत राहून तडकतो. ते हलणे झेलण्यासाठीच मध्ये रबरी होस असतो. सायलेन्सरच्या नळीपासून आणि प्रोपेलर शाफ्टपासून पाइप लांब ठेवावा आणि हे अंतर गाडी चाकांवर उतरवल्यावर पुन्हा पाहावे. प्लॅस्टिकची टाय गावापर्यंत पोहोचण्यापुरती ठीक आहे, कायमची नाही, कारण गरम पाइपावर ती कडक होऊन तुटते.

होस पाइपाच्या टोकावर अडीच ते तीन सेंटिमीटर चढावा आणि होस आवळणारी क्लिप टोकाच्या उंचवट्याच्या मागे बसावी. उंचवट्यावरच क्लिप आवळली, तर दाब आल्यावर ती सरकते. क्लिप इतकीही आवळू नये की रबर तिच्या फटीतून वर येईल.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे. बोल्ट तुटलाच, तर चेसिसला असलेले जवळचे भोक शोधून नट-बोल्ट आणि वॉशर लावावा. पेट्रोलच्या किंवा ब्रेकच्या नळीजवळ वेल्डिंग करू नये आणि तिथे ड्रिलही चालवू नये. गाडी गॅसवर चालवण्याचे किट बसवलेले असेल, तर अधिकच जपावे.

कूलंट भरताना आमच्या खारपाणपट्ट्यातले (जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागातले) विहिरीचे किंवा बोअरचे पाणी टाकूच नये. त्यातले क्षार पाइपाला आतून खातात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. बाहेरून कितीही चांगला बांधलेला पाइप मग आतून सडतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्यावे. गाडीचे तोंड चढावर ठेवून हळूहळू भरावे, कारण लांब आडव्या पाइपात हवा अडकून बसते. झाकण उघडे असतानाच इंजिन सुरू करावे, बुडबुडे थांबेपर्यंत आणि खालचा होस हाताला गरम लागेपर्यंत चालू द्यावे, मग झाकण लावावे. गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर, थंड गाडीखाली टॉर्च घेऊन, प्रत्येक क्लिप पाव फेरा आवळून बघावी आणि जोडांवर कोरडा कागद फिरवावा. पावसाळा संपला की पाइपांवरची माती पाण्याने धुऊन काढून क्लॅम्पचे रबर सरकले आहे का, तेही बघून घ्यावे.