पन्नाशीत हॉस्पिटल चॅप्लेन व्हायचं असेल तर

आधी नोकरी सोडू नका. हे पहिल्यांदा सांगते, कारण मी सोडायलाच निघाले होते. चॅप्लेन म्हणजे हॉस्पिटलात कोणत्याही धर्माच्या पेशंटशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलून मनाला आधार देणारी व्यक्ती.

न्यू जर्सीत पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. मी अठ्ठेचाळीसची असताना शेजारच्या मुलाचे वडील त्याच्याकडे आले होते, त्यांना बायपाससाठी दाखल केलं. फोनवरचा दुभाष्या मराठीचा मिळेना, म्हणून रात्री मला बोलावलं. आजोबा माळकरी. तुळशीची माळ उतरवा म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलगा चिडलेला, नर्सचं लक्ष घड्याळाकडे. तेवढ्यात चॅप्लेनबाई आल्या. पंथाने बाप्टिस्ट ख्रिस्ती. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि मला म्हणाल्या, "माळ कुठे असली तर त्यांना चालेल, विचारा." नर्सने घोट्याला बांधू म्हटलं, तर आजोबांनी कानांवर हात ठेवले. पायाला माळ! शेवटी ती स्वच्छ पिशवीत घालून दंडाला टेपने चिकटवायचं ठरलं आणि आजोबांनी सही केली. प्रार्थनेचा एक शब्द कोणी उच्चारला नव्हता. पुढचे तीन आठवडे मी ऑफिसात बसून त्या टेपचाच विचार करत होते.

तुमचंही असं काही झालं असेल, तर पहिलं काम म्हणजे जवळच्या हॉस्पिटलच्या स्पिरिच्युअल केअर विभागात स्वयंसेवक म्हणून नाव घाला. टीबीची चाचणी, लशींचे कागद, पोलिसी पडताळणी यात दीड-दोन महिने जातात. मग आठवड्यातून एक संध्याकाळ द्या, निदान सहा महिने. पेशंट "आज नको" म्हणेल तेव्हा हसून बाहेर पडता येतं का, हे या काळात कळतं. मला सुरुवातीला यायचं नाही, अपमान वाटायचा. आणि स्वतःचं दुःख ताजं असेल, घरात वर्षभरात कोणी गेलं असेल, तर थांबा. दुसऱ्याच्या खाटेशी आपलं रडणं उरकायला जायचं नसतं.

खरं शिक्षण म्हणजे सी.पी.ई., क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन. एक युनिट ४०० तासांचं. उन्हाळ्यात पूर्णवेळ केलं तर दहा-बारा आठवड्यांत संपतं; नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी केलं तर काही महिने लागतात. मी दुसरं निवडलं. अर्जात आपल्या आयुष्याची बऱ्यापैकी सविस्तर हकिगत लिहायची असते, श्रद्धेचा प्रवास लिहायचा असतो आणि कोणाला मदत केली असा एक प्रसंगही. बायोडेटासारखं लिहू नका. माझ्या पहिल्या मसुद्यात बढत्यांची यादी होती आणि वडिलांशी अकरा वर्षं अबोला होता, ते गाळलेलं होतं. मुलाखतीत नेमकं तेच विचारलं.

या शिक्षणाचा कणा म्हणजे व्हर्बेटिम. पेशंटशी झालेलं बोलणं आठवून, "मी म्हणाले, तो म्हणाला" असं शब्दशः लिहायचं आणि गटापुढे वाचायचं. हे शिक्षण मुळात अँटन बॉयसन या पाद्र्याचं; त्याने १९२५मध्ये अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये ठेवून शिकवायला सुरुवात केली. तो स्वतः मनोरुग्ण म्हणून दाखल होऊन आलेला होता. माणूस हाच वाचायचा दस्तऐवज, असं तो म्हणे. माझ्या पहिल्या व्हर्बेटिममध्ये पर्यवेक्षकांनी एका वाक्याखाली तीनदा लाल रेघ मारली: "सगळं ठीक होईल." आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं की हे तोंडातून निघतंच, शिवाय कोणाच्या तरी मामांचं असंच होऊन ते कसे खडखडीत बरे झाले, तेही. ही सवय मोडायला मला दोन युनिटं लागली. "आत्ता सगळ्यात जड काय जातंय?" हा प्रश्न विचारून गप्प बसा. अर्धा मिनिट फार लांब वाटतो. वाटू द्या.

पुढची वाट कागदपत्रांची. चॅप्लेनांना प्रमाणित करणाऱ्या बोर्डाच्या प्रमाणपत्रासाठी सर्वसाधारणपणे चार युनिटं, धर्मविषयक पदव्युत्तर शिक्षण, कामाचे २००० तास आणि आपल्या धर्मपरंपरेचं मान्यतापत्र लागतं. नियम बदलत असतात, तेव्हा चालू यादी आधी पाहून घ्या. ख्रिस्ती माणसाला मान्यतापत्र चर्च देतं. हिंदूंचं तसं एकच पीठ नाही. मी देवळाच्या विश्वस्तांकडे गेले, तर त्यांना वाटलं बाईंना पुजारी व्हायचंय. तीन बैठका लागल्या. म्हणून हे काम पहिल्या युनिटपासूनच हातात घ्या. पैशांचंही तसंच. वर्षभराच्या रेसिडेन्सीत, म्हणजे हॉस्पिटलात पूर्णवेळ काम करत शिकताना, विद्यावेतन मिळतं, पण माझ्या जुन्या पगाराच्या निम्मंही नव्हतं. नवऱ्याबरोबर बसून घराच्या हप्त्यांचा हिशेब केला आणि मगच राजीनामा दिला.

भारतात राहून शिकायचं असेल तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चौकशी करा. तिथे चॅप्लेनसीचा स्वतंत्र विभाग आहे.

धर्मप्रचार अजिबात करायचा नाही, स्वतःच्या धर्माचाही नाही. पण दुसऱ्याचं थोडं पाठ असावं. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र मी इंग्रजीत पाठ केलं. ते फार वेळा मागतात. कॅथलिक पेशंटला तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, हवं असेल तर ते फक्त धर्मगुरूच देऊ शकतो, तेव्हा त्यांचा रात्रीचा नंबर खिशात ठेवा. इमामांचाही ठेवा. बूट रबरी तळाचे घ्या, टाचा वाजता कामा नयेत. आणि रात्रपाळीला डबा न्या. दोन वाजता कँटीन बंद असतं आणि पेजर नेमका तेव्हाच वाजतो.